शेवटच्या खांबावरचा दिवा

देवगाव रंगारी हे माझे माहेर. कन्नड तालुक्यातले बाजाराचे गाव. डीपीवरून विजेची तार निघते, चावडीजवळून, शाळेजवळून फिरत फिरत येते आणि आमच्या बौद्धवस्तीतल्या खांबावर संपते. त्याच्या पुढे खांब नाही, शेत आहे.

वस्ती गावाच्या टोकाला का असते, हे ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. गावात वीज आली ती कुणाची जात विचारून आली नाही. पण ती गावाच्या रचनेप्रमाणे आली, आणि गावाची रचना जातीने आधीच करून ठेवलेली होती. म्हणून पाण्यासारखीच वीजही आमच्याकडे सगळ्यांत शेवटी पोहोचायची.

मी लेखिका नाही. आयटीआय झालेली, कारखान्यात नोकरी केलेली एक साधी बाई आहे. ह्या पानावर भगिनी घरसंसाराचे, मुलांच्या शिक्षणाचे अनुभव लिहितात. माझा अनुभव विजेच्या तारेचा आणि एका सहीचा आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण प्रत्येक घरातल्या दिव्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून लिहायचे धाडस करते.

मी दहावीला होते ते वर्ष २००८. लोडशेडिंगचे दिवस. रात्री वीज आली की माय मला उठवायची. मी पुस्तक घेऊन बसायची. तेवढ्यात बल्बचा उजेड उतरत जायचा. आतली तार तांबडी व्हायची आणि अक्षरे दिसेनाशी व्हायची. नाना, म्हणजे माझे वडील, अंथरुणातूनच म्हणायचे, “मळ्यातल्या मोटारी चालू झाल्या.” तेव्हा आमची वस्ती आणि मळ्यातल्या मोटारी एकाच डीपीवर होत्या. डीपीजवळच्या घरात त्याच वेळी ट्यूबलाइट लख्ख जळत असायची. मी नानांना विचारायची, तार एकच, वीज एकच, मग आपल्यालाच कमी का? नाना म्हणायचे, “आपला नंबर शेवटचा ना पोरी.”

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर मला आयटीआयमध्ये मिळाले. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड मी घेतला तेव्हा वर्गात आम्ही तीनच मुली होतो. पुढे औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठाच्या आवारात जी नायलिट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे एक छोटा कोर्स केला. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपल्या माणसांनी सोळा-सतरा वर्षे लढा दिला, लाठ्या खाल्ल्या, घरे जळालेली पाहिली, त्याच आवारात मी हातात सोल्डरिंग गन धरायला शिकले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा मी अगदी लहान होते. पण त्या फाटकातून आत जाताना दर वेळी मला त्याची आठवण व्हायची.

तिथे मी पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते शिकले. वाचकांना समजावे म्हणून एसटीचा दाखला देते. समजा, लासूर स्टेशनहून देवगावला एसटी येते. बसमध्ये साठ माणसे आहेत. त्यांतली पंचेचाळीस देवगावला उतरतात, आपापल्या कामाला लागतात. उरलेली पंधरा उतरतच नाहीत. ती तशीच परत जातात आणि पुढच्या फेरीला पुन्हा येतात. काम काही करत नाहीत, पण जागा अडवतात, डिझेल जाळतात आणि शेवटच्या थांब्यावरची माणसे उभीच राहतात. मोटार फिरण्यासाठी तिच्या आत चुंबकत्व तयार व्हावे लागते. त्यासाठी लागणारा प्रवाह असाच तारेतून नुसता ये-जा करतो. त्याने पाणी उपसले जात नाही, पण तार त्याने भरते, तापते. एकूण प्रवाहापैकी खरोखर कामाचा भाग किती, ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. सगळा प्रवाह कामाचा असेल तर तो एक. शेतातल्या मोटारींचा साधारण पाऊण असतो.

आता त्या पंधरा जणांना देवगावातच फिरायला एक रिक्षा दिली, तर ते एसटीत बसणारच नाहीत. मोटारीच्या स्टार्टरजवळ बसवायचा कपॅसिटर ही ती रिक्षा. मोटारीला हवा असलेला ये-जा करणारा प्रवाह तो तिथल्या तिथे पुरवतो. लांबून डीपीवरून तो आणावा लागत नाही.

मला माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तारेतून जितका जास्त प्रवाह जातो तितका व्होल्टेज वाटेतच गळतो, आणि गळती टोकाला सगळ्यांत जास्त. डीपीजवळच्या माणसाने चूक केली तरी तिची शिक्षा त्याला होत नाही, ती शेवटच्या खांबावरच्या माणसाला होते.

शिक्षण झाल्यावर वाळूजला एका कारखान्यात लागले. टेस्टिंग विभागात, कंत्राटी. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला मिळायचा. नानांनी आयुष्यभर सालदारकी करून दीड एकर जमीन घेतली होती, कोरडवाहू. २०१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना सुरू झाली. नव्या विहिरीला तेव्हा अडीच लाखांपर्यंत अनुदान होते. नानांनी अर्ज केला, नंबर लागला, विहीर झाली, पाणी लागले. पाच एचपीची मोटार बसली. ज्या माणसाने दुसऱ्याच्या मळ्यात रात्ररात्र दारे धरली, त्याने पहिल्यांदा स्वतःच्या विहिरीचे पाणी स्वतःच्या आद्रकाला दिले. त्या दिवशी मायने विहिरीपाशी मेणबत्ती लावून वंदना घेतली.

दुसऱ्याच हंगामात मोटार जळाली. भरून आणली. पुन्हा जळाली. आद्रकाला उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. नाना उधारी करून मोटार भरायचे आणि म्हणायचे, आपल्या नशिबी कोरडच बरी होती. मी रविवारी क्लॅम्प मीटर घेऊन गेले. टोकाला व्होल्टेज साडेतीनशे, जिथे चारशे पंधरा पाहिजे. मोटार साडेदहा अँपिअर ओढत होती. व्होल्टेज कमी पडला की मोटार तेवढेच काम करायला जास्त प्रवाह ओढते, तापते आणि एक दिवस जळते.

नानांच्या पेटीत कपॅसिटरची जागा होती, पण डबी नव्हती. वायरमनने काढून टाकली होती. “ती डबी शॉक देती,” असे तो म्हणाला होता. त्यात थोडे तथ्य आहे. कपॅसिटर बंद झाल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवतो. म्हणून त्यात ती वीज जिरवणारा रेझिस्टर असावा लागतो, आणि बंद केल्यावर काही मिनिटे थांबल्याशिवाय हात लावायचा नसतो. पण एवढे सांगण्याऐवजी डबी काढून टाकणे सोपे वाटते.

नवी डबी आणली. पाच एचपीला दोन केव्हीएआरची लागते, तीन एचपीला एकची. नाना म्हणाले, “बिल तर एचपीवर येतंय, मीटर नाही का काही नाही. मग ही डबी लावून फायदा कुणाला?” प्रश्न बरोबर होता. मोठ्या कारखान्यांना पॉवर फॅक्टर घसरला तर बिलात चटका बसतो. महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येते, म्हणजे एसटीत नुसते बसून राहणाऱ्यांचेही तिकीट भरावे लागते. म्हणून कारखानदार लाखो रुपयांची कपॅसिटर पॅनेल बसवतो. शेतकऱ्याला तो चटका नाही. २०२४ पासून तर साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. पण बिलात दिसत नाही म्हणून नुकसान होत नाही असे नाही. ते जळालेल्या मोटारीत दिसते.

आणि एकट्या नानांनी डबी लावून भागणार नव्हते. त्या डीपीवर दहा मोटारी होत्या, सगळ्या साधारण पाच एचपीच्या. मी वहीत हिशेब मांडला. एक मोटार कपॅसिटरशिवाय सुमारे ६.२ केव्हीए ओढते. दहा मोटारींचे झाले ६२. डीपी ६३ ची. म्हणजे काठोकाठ भरलेली, तीही सगळे ठीक असेल तर. प्रत्येकाने दोन केव्हीएआरची डबी लावली तर एका मोटारीचे ५.१ केव्हीए होते, दहांचे ५१. तीच डीपी, त्याच मोटारी, आणि वर दोन मोटारींची जागा शिल्लक! प्रवाह अठरा टक्क्यांनी उतरतो, पण तारेचे तापणे प्रवाहाच्या वर्गाने कमी होते, म्हणून मोटारीमुळे होणारी तारेतली गळती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते.

१४ एप्रिलला विहारासमोर कार्यक्रम होता. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी भाषण केले नाही, वही वाचून दाखवली. त्याआधी एवढेच सांगितले की १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे नियोजन त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत वीजविकासाच्या समितीसमोर बोलताना त्यांनी वीज हा गरिबी हटवण्याचा प्रश्न म्हणून मांडला होता. देशातून दारिद्र्य जायचे तर उद्योग हवेत, उद्योगांना स्वस्त आणि मुबलक वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. आपल्या घरातल्या दिव्यामागेही त्यांचा विचार आहे, हे आपल्याच मुलांना माहीत नसते.

कार्यक्रमाला गावातले इतर समाजाचे शेतकरीही आले होते. त्यांतले एक काका, ज्यांची मोटार डीपीपासून दुसऱ्याच खांबावर आहे, म्हणाले, “ताई, आमच्याकडं तर व्होल्टेज चांगला राहतो. आम्ही कशाला खर्च करावा?” मी म्हणाले, “काका, मागल्या वर्षी डीपी जळाली तेव्हा तुमचा कांदा किती दिवस पाण्यावाचून राहिला?” काका हसले. म्हणाले, “बारा दिवस.” डीपी जळाल्यावर पहिल्या खांबावरचा आणि शेवटच्या खांबावरचा सारखेच अंधारात बसतात, हे त्यांना पटले.

दहापैकी सात जणांनी डब्या लावल्या. त्याहून अवघड काम ऑटो स्विचचे होते. रात्री वीज आली की शेतात जायला नको, म्हणून प्रत्येकाने मोटार आपोआप सुरू होणारा स्विच लावलेला. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. दहा मोटारी एका क्षणी सुरू झाल्यावर डीपीचे काय होणार? ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा, हे महावितरणसुद्धा वर्षानुवर्षे सांगत आले आहे. शेवटी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू करायच्या असे ठरले.

पुढच्या रविवारी मी मीटर लावले. नानांची मोटार साडेदहावरून नऊ अँपिअरच्या आत आली होती. व्होल्टेज साडेतीनशेवरून तीनशे बासष्ट झाला. बारा व्होल्ट. फार मोठा चमत्कार नाही. पण त्यानंतरचे दोन हंगाम मोटार जळाली नाही. वस्तीत मला लोक “कपॅसिटरवाली” म्हणू लागले. मलाही त्याचा अभिमान वाटायचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले ते त्या अभिमानावरच घाव घालणारे होते.

२०२२ साली आमच्या कारखान्यात रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचे काम सुरू झाले. ५० वॅटचा दिवा, खेड्यापाड्यांतल्या खांबांवर लावायचा. त्याच्या आतल्या ड्रायव्हरची चाचणी माझ्याकडे होती.

इथे दुसरी गोष्ट समजून घ्यावी लागेल. मोटारीचा प्रवाह मागे रेंगाळतो, पण त्याची लाट गोल, नितळ असते. इलेक्ट्रॉनिक वस्तूचे तसे नाही. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवा, यांच्या आत आधी डायोडचा पूल असतो आणि त्यामागे एक मोठा कपॅसिटर. व्होल्टेजची लाट माथ्यावर पोहोचते त्या क्षणीच तो कपॅसिटर घटाघटा प्रवाह पितो, बाकीचा वेळ गप्प राहतो. त्यामुळे प्रवाहाची नितळ लाट राहत नाही, टोकदार सुळके होतात. असा सुळका तपासला तर त्यात मूळ ५० च्या आवर्तनाबरोबर १५०, २५०, ३५० अशी आवर्तने मिसळलेली सापडतात. त्यांनाच हार्मोनिक म्हणतात. ती दिवा पेटवायला कामाची नाहीत. ती तारेत परत सांडतात, जसा कुणी पाणी भरता भरता आड गढूळ करावा.

ह्याला उपाय आहे आणि तो दिव्याच्या आतच करावा लागतो. एक चोक, एक स्विच, एक डायोड आणि छोटी आयसी. ती आयसी व्होल्टेजच्या लाटेकडे बघते आणि सेकंदाला हजारो वेळा स्विच उघडझाप करून प्रवाहालाही त्याच आकारात चालायला लावते. बाहेर सुमारे चारशे व्होल्टचा डीसी मिळतो, त्यावर पुढचे सर्किट चालते. आमच्या डिझाइन विभागातल्या एका तरुण इंजिनिअरने हे काम फार मन लावून केले होते. चोक तापतो म्हणून त्याने तो तीनदा नव्याने गुंडाळला.

दिव्यांसाठी नियमही आहे. आयईसी ६१०००-३-२ हे आंतरराष्ट्रीय मानक, १९९५ सालचे, पुढे अनेकदा सुधारलेले. दिवे त्याच्या ‘क’ वर्गात येतात. २५ वॅटच्या वरच्या दिव्यात तिसरा हार्मोनिक हा पॉवर फॅक्टरच्या तीस पट टक्के, म्हणजे चांगल्या दिव्यात सुमारे २९ टक्क्यांच्या आत हवा. पाचवा १० टक्क्यांच्या आत, सातवा ७ टक्क्यांच्या. असे चाळिसाव्यापर्यंत मोजायचे. ही चाचणी कारखान्याच्या साध्या लाइनवर करून चालत नाही, कारण ती लाइन आधीच गढूळ असते. त्यासाठी शुद्ध लाट देणारे वेगळे यंत्र लागते. दिवा आधी तापू द्यायचा, मग मोजायचे. पहिले नमुने मी मोजले. तिसरा हार्मोनिक ८ टक्के, पॉवर फॅक्टर ०.९७. उत्तम पास. अहवालावर माझी सही झाली.

तीन महिन्यांनी उत्पादनाचा पहिला मोठा लॉट आला. मी एक दिवा लावला आणि पडद्यावर बघतच राहिले. दोन टोकदार सुळके. तिसरा हार्मोनिक ८० टक्क्यांच्या आसपास, पॉवर फॅक्टर ०.५८. दिवा उघडला. चोक नाही, आयसी नाही. सगळा भागच काढून टाकलेला. एका दिव्यामागे पन्नास-साठ रुपये वाचत होते.

मी ‘नापास’ लिहून कागद वर पाठवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावले. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. म्हणाले, “मॅडम, मोजमाप तर तुमच्याच जुन्या अहवालात आहे. तेच आकडे ठेवा, फक्त लॉट नंबर नवा घाला. खेड्यातला माल आहे, तिथे कोण लाट बघायला बसलंय? उजेड तर पडतो ना?” मग सहज म्हणावे तसे म्हणाले, “तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना? बघू आपण.”

तेव्हा भावाचा डिप्लोमा चालू होता, फी माझ्या पगारातून जायची. मायचे डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. ही कारणे आहेत, सबब नाही. मी सही केली.

त्या लॉटमधले दोन दिवे कामगारांना कमी भावात मिळाले. मी ते विहारासाठी आणले. आपल्या पैशाने विहारात उजेड करावा अशी माझी जुनी इच्छा होती. बुद्धपौर्णिमेला ते लावले. भगवंतांची मूर्ती उजळून निघाली. म्हाताऱ्या बाया माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, लेकीने नाव काढलं. मग सगळे वंदनेला बसले. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले. चौथे शील आले, खोटे न बोलण्याचे. माझ्या ओठांतून आवाज फुटेना. शेजारी बसलेली माय वळून बघू लागली. वर माझ्याच खोट्या सहीचे दोन दिवे जळत होते.

त्या रात्री मी विचार करत बसले. बारा दिव्यांनी गाव जळत नाही, हे मला ठाऊक होते. पण मी टेस्ट बेंचवर तसले बारा दिवे तीन फेजांवर चार-चार लावून पाहिले होते. प्रत्येक फेजमध्ये दीड अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये दोनाहून जास्त! नितळ लाटा असतील तर तिन्ही फेजांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना मिटवतात. तिसरा हार्मोनिक मात्र तिन्ही फेजांत एकाच पावलावर चालतो. तो मिटत नाही, त्याची बेरीज होते. म्हणून असे दिवे गावोगाव शेकड्याने लागले की न्यूट्रल तापू लागते. खेड्यातले न्यूट्रलचे सांधे मुळातच सैल. न्यूट्रल तुटले की काय होते ते वस्तीवरच्या बायांना विचारा. एका क्षणात घराघरातले टीव्ही, पंखे जळून जातात.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचली. आवर्तन जितके वरचे तितकी कपॅसिटरमधून जायची वाट त्याला सोपी. हार्मोनिकची घाण कपॅसिटरमध्येच जाऊन बसते, तो तापतो, फुगतो. मोठ्या कारखान्यांत म्हणूनच कपॅसिटरच्या आधी सात टक्क्यांचा रिअॅक्टर लावतात, ती आवर्तने आत घुसू नयेत म्हणून. नानांसारख्या शेतकऱ्याच्या डबीला असे काही संरक्षण नसते. म्हणजे ज्या हाताने मी सात शेतकऱ्यांना पदरचे पैसे खर्चून डब्या लावायला सांगितल्या, त्याच हाताने त्या डब्यांना मारणाऱ्या दिव्यांवर पास म्हणून सही केली होती.

सकाळी मी नानांना सगळे सांगितले. त्यांना हार्मोनिक कळले नसेल, सही कळली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, कोपऱ्यातली शिडी काढली आणि म्हणाले, “उतरव ते दिवे.”

मी उतरवले. विहारात दोन महिने पुन्हा जुना पिवळा बल्ब होता. कुणी विचारले तर मी खरे कारण सांगायची. एक-दोघी म्हणाल्या, उजेड तर चांगला होता, कशाला काढले? पण बहुतेकांनी ऐकून घेतले.

सोमवारी मी साहेबांना सांगितले की यापुढे न मोजलेल्या आकड्यांवर सही करणार नाही, आणि मागच्या अहवालातली सही चुकीची आहे असे लिहून दिले. त्यांनी कागद ठेवून घेतला. महिन्याच्या शेवटी माझे कंत्राट पुढे वाढले नाही. पाच महिने घरी बसले. भावाने एक सत्र फी थकवली. मायचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झाले, चांगले झाले. मग एका छोट्या वर्कशॉपमध्ये कपॅसिटर पॅनेल जोडायचे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. आजही तिथेच आहे.

लिहायचे कारण एवढेच. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे त्यांनी जगाला सांगितले. विजेची तार हेही आजचे एक तळेच आहे. पहिल्या खांबावरचा आणि शेवटच्या खांबावरचा, दोघेही त्यातूनच घेतात. त्यावर आपला हक्क आहे, म्हणून ते गढूळ न करण्याची जबाबदारीही आपली आहे. गरिबाच्या घरचे मीटर ही घाण दाखवत नाही. ज्याचे बिल होत नाही, त्याला राखण एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे चाचणी करणाऱ्याची खरी सही. आज आपली मुलेमुली आयटीआय, डिप्लोमा करून अशा टेबलांवर बसत आहेत. त्यांना माझे हे सांगणे आहे. तुमच्यासमोर येणारा माल बहुधा आपल्याच वस्तीत जाणार असतो.

भगिनींनी दिवा घेताना खोक्यावर पॉवर फॅक्टर वाचावा. ०.९ किंवा वर असेल तर चांगले. बीआयएसची खूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. तो सुरक्षिततेसाठीचा आहे, पॉवर फॅक्टर वेगळा वाचावा लागतो. शेतात मोटार असेल तर पेटी उघडून डबी आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. फुगलेली असेल तर बदलावी. बंद केल्याबरोबर हात लावू नये. आणि डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावे.

विहारात आता दोन नवे दिवे आहेत. भावाने त्याच्या पहिल्या पगारातून आणले. लावायच्या आधी मी ते वर्कशॉपमध्ये नेऊन मोजले. ०.९६ आले. मग नानांनी शिडी धरली आणि मी वर चढले.

जयभीम. नमो बुद्धाय.